जोगेंद्रनाथ सेन यांचा चष्मा: परमुलुखात कामी आलेल्या सैनिकाची नोंद कुठे उरते?

पश्चिम बंगालमध्ये हुगळीच्या काठावर चंदननगर आहे. फ्रेंच अमलातल्या एका जुन्या वाड्यात तिथलं संग्रहालय आहे. २००५ साली शंतनु दास नावाचे अभ्यासक तिथे गेले होते. पहिल्या महायुद्धाचं साहित्य आणि त्या युद्धाच्या आठवणी हा त्यांचा विषय. एका काचेच्या कपाटात त्यांना एक मोडका चष्मा दिसला. त्यावर रक्ताचे डाग होते. चष्मा जोगेंद्रनाथ सेन यांचा होता. सेन १९१६ च्या मे महिन्यात फ्रान्समध्ये मारले गेले, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ब्रिटिश पलटणीतले साधे शिपाई म्हणून.

बंदूक, पदक, गणवेश या सैनिकाच्या वस्तू आपण पुष्कळदा पाहिलेल्या असतात. चष्मा पाहिला की डोळ्यांसमोर वाचणारा माणूस उभा राहतो. मला तरी या माणसाबद्दल वाचावंसं वाटलं ते त्या चष्म्यामुळेच.

वाचत गेल्यावर कळलं की सेन यांची आठवण तीन ठिकाणी विखुरलेली आहे. देह फ्रान्समध्ये, नाव इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठाच्या युद्धस्मारकावर आणि वस्तू चंदननगरला. या तीन टोकांची गाठ पडायला जवळजवळ शतक गेलं. असं का व्हावं, हे समजून घ्यायचं तर सैनिक मेल्यावर त्याच्या नावाचा कागदोपत्री प्रवास कसा होतो ते पाहावं लागतं. हा प्रवास तेव्हा बराच गुंतागुंतीचा होता, आणि कोण कुठल्या पलटणीत होता यावर त्यात फार काही ठरत होतं.

लीड्सला आलेला बंगाली इंजिनिअर

सेन १९१० मध्ये लीड्स विद्यापीठात शिकायला आले आणि १९१३ मध्ये इंजिनिअरिंगची पदवी घेऊन तिथेच राहिले. शहराच्या नगरपालिकेचं वीजकेंद्र होतं, तिथे ते सहायक इंजिनिअर म्हणून लागले. १९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी सैन्यात नाव नोंदवलं.

ते ज्या बटालियनमध्ये गेले तिचं लष्करी नाव वेस्ट यॉर्कशायर रेजिमेंटची १५वी बटालियन. लोक तिला 'लीड्स पॅल्स' म्हणत. पॅल म्हणजे दोस्त. ब्रिटनचे युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांना झपाट्याने मोठी फौज उभी करायची होती. एकाच गावातली, एकाच कचेरीतली, एकाच क्लबातली मुलं एकत्र भरती झाली तर त्यांना एकत्रच ठेवू, असं आश्वासन देण्यात आलं. त्यातून शहराशहरांच्या अशा पलटणी निघाल्या. लीड्सच्या पलटणीत कारकून, शिक्षक, खेळाडू अशी शिकलेली मुलं बरीच होती. त्यांच्यात एक बंगाली होता.

आता प्रश्न असा की सेन हिंदुस्थानी फौजेत का गेले नाहीत? १९१४ च्या सप्टेंबरअखेरीस हिंदुस्थानी सैन्य मार्सेलला उतरलं होतंच. पण त्या सैन्यात बंगाल्यांना जागा नव्हती. १८५७ नंतर इंग्रजांनी 'लढाऊ जमाती' आणि 'बिनलढाऊ जमाती' अशी वर्गवारी केली आणि बंगाली लोकांना दुसऱ्या खान्यात टाकलं. आपल्याला हा सिद्धान्त परका नाही. त्याच्याच पायी १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली. ज्यांच्या बापजाद्यांनी कंपनी सरकारच्या पलटणींत लढाया मारल्या होत्या, त्यांना दार लावलं गेलं. महायुद्धात माणसं कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभारली आणि युद्ध संपल्यावर काही वर्षांतच ती मोडलीही. बंगाल्यांचंही तसंच झालं. १९१६ मध्ये त्यांच्यासाठी वेगळ्या तुकड्या निघाल्या, तोवर सेन खंदकात पोहोचले होते.

इंजिनिअरिंगची पदवी असलेल्या गोऱ्या तरुणाला त्या काळी अफसर होणं अवघड नव्हतं. सेन यांच्या आड नियम आला. ब्रिटिश सैन्यात कमिशन, म्हणजे अफसराची नेमणूक, मिळण्यासाठी उमेदवार 'शुद्ध युरोपीय वंशाचा' असावा, अशी अटच होती. तीही बाजूला ठेवू. लान्स कॉर्पोरल ही शिपायाच्या वरची पहिली पायरी, दंडावर एक फीत. ती फीतसुद्धा त्यांच्या दंडावर लागली नाही. त्यांच्याच बराकीत राहिलेले आर्थर डाल्बी यांनी १९८८ मध्ये म्हातारपणी एका मुलाखतीत हे सांगून ठेवलं आहे. सोबती त्यांना 'जॉन सेन' म्हणायचे. बटालियनमधला सगळ्यांत शिकलेला माणूस तोच, सातेक भाषा बोलायचा, पण काळ्या माणसाला गोऱ्याच्या वर बसवायचं नाही म्हणून त्याला लान्स कॉर्पोरलही केलं नाही, असा डाल्बींच्या सांगण्याचा आशय होता. सत्तर वर्षांनंतरही त्या माणसाला हे आठवत होतं आणि ते चूक होतं हेही कळत होतं. सोबत्याच्या तोंडून निघालेली ही साक्ष मला कुठल्याही सरकारी कागदापेक्षा मोलाची वाटते.

१९१५ च्या डिसेंबरमध्ये पलटण बोटीने इजिप्तला गेली आणि सुएझ कालव्याच्या पहाऱ्यावर राहिली. १९१६ च्या मार्चमध्ये ती फ्रान्समध्ये आली. सोम नदीच्या भागात कोलँकाँ नावाचं खेडं आहे, त्याच्या पुढे तिची मोर्च्याची जागा होती. २२ मेच्या रात्री सेन काटेरी तारा लावणाऱ्या टोळीबरोबर खंदकाबाहेर गेले. दोन्ही बाजूंच्या खंदकांमधल्या मोकळ्या जमिनीत अंधारात खुंट ठोकून तार ओढायची, असं ते काम. तोफगोळ्याचा तुकडा आधी पायाला लागला, नंतर मानेला. ते जागीच गेले.

त्यांना जवळच पुरलं. त्या दफनभूमीचं नाव 'स्युक्ररी मिलिटरी सेमेटरी'. फ्रेंचमध्ये स्युक्ररी म्हणजे साखर कारखाना. तिथे जवळ बीटची साखर करणारा कारखाना होता, त्यावरून हे नाव पडलं. आज तिथे सुमारे अकराशे कबरी आहेत. चंदननगर तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होतं. म्हणजे फ्रेंच वसाहतीत वाढलेला मुलगा इंग्रजी गणवेशात फ्रान्सच्या मातीत गेला. त्याच १९१६ साली चंदननगरहून बंगाली स्वयंसेवकांची एक लहान तुकडी फ्रेंच सैन्यातही दाखल झाली होती.

मेल्यानंतरचा कागद

शिपाई मेला की सगळ्यात आधी हात जायचा तो त्याच्या गळ्यातल्या बिल्ल्याकडे. त्यावर नाव, नंबर, पलटण आणि धर्म ठोकलेला असायचा. सेन गेले तेव्हा प्रत्येकाच्या गळ्यात असा एकच बिल्ला असे. मृत्यूची नोंद करण्यासाठी तो काढून घ्यायचे, आणि मग देह बिननावाचा व्हायचा. पुरलेल्या जागेवरची लाकडी खूण पुढच्या तोफमाऱ्यात उडाली की संपलं. युद्धात बेपत्ता झालेल्यांची संख्या एवढी फुगण्याचं हेही एक कारण. १९१६ च्या सप्टेंबरपासून दोन बिल्ले देऊ लागले. गोल, लाल बिल्ला काढून न्यायचा आणि अष्टकोनी, हिरवा देहावर ठेवायचा. सेन यांच्या वेळी ही सोय नव्हती. त्यांची कबर ओळखता आली ती मोर्च्यामागच्या नोंदी ठेवलेल्या दफनभूमीत त्यांना पुरलं म्हणून.

मग घरी खबर. अफसराच्या घरी तार जाई, शिपायाच्या घरी टपालाने छापील फॉर्म. मोकळ्या जागेत कारकुनाने नाव, नंबर आणि तारीख भरलेली असे. पाठोपाठ खिशातल्या वस्तूंची पुडकी. घड्याळ, पाकीट, पत्रं, फोटो पलटणीत गोळा करून मुख्यालयामार्फत वारसाला पाठवण्याची ठरलेली रीत होती. सेन यांचा चष्मा याच वाटेने समुद्र ओलांडून घरी आला असणार. तो कुणी टाकून दिला नाही. पुसलाही नाही. युद्ध संपल्यावर वारसाला ब्राँझची एक तबकडी आणि सोबत एक छापील मानपत्र मिळे. तबकडीवर नाव असे पण हुद्दा नसे, कारण मरणात सगळे सारखे हे तिच्यातून दाखवायचं होतं. अशा तबकड्या तेरा लाखांहून अधिक निघाल्या.

नोकरीचे मूळ कागद मात्र फार थोड्यांचे उरले. १९४० च्या सप्टेंबरमध्ये लंडनवर जर्मन बाँब पडले, त्यांत लष्करी कागदपत्रांचं गोदाम जळालं आणि पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश शिपायांच्या निम्म्याहून जास्त फायली खाक झाल्या. घरोघरच्या पेट्यांत पडून राहिलेल्या वस्तूंना एवढी किंमत आली आहे ती यामुळे.

दगडावरची समता आणि तिची हद्द

१९१७ मध्ये फेबिअन वेअर यांच्या प्रयत्नांतून इंपीरियल वॉर ग्रेव्ज कमिशन स्थापन झालं. आज त्यालाच कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशन म्हणतात. त्याच्या पायाशी काही ठाम तत्त्वं होती. कुणाचाही देह मायदेशी न्यायचा नाही, मग बाप लॉर्ड असला तरी. प्रत्येकाला नावानिशी स्मरण, कबर असेल तर दगडावर, नसेल तर स्मारकाच्या भिंतीवर. दगड सगळ्यांचा एकाच मापाचा, जनरलचाही आणि शिपायाचाही. हुद्दा, वंश, धर्म यावरून भेद नाही.

देह आणायचा नाही, या नियमावर इंग्लंडमध्ये आयांनी मोठा आक्रोश केला. सधन घरांना मुलाला गावच्या चर्चशेजारी आणायचं होतं. कमिशन हललं नाही. श्रीमंताचा मुलगा घरी आणि गरिबाचा परदेशी, हे त्यांना मान्य नव्हतं.

दगडाच्या तळाशी घरच्यांना स्वतःच्या शब्दांत एक ओळ कोरून घेता येई. मर्यादा ६६ अक्षरांची, दर अक्षरी साडेतीन पेनी. सैन्याच्या भाषेने भरलेल्या त्या दगडावर तेवढी एकच जागा घरच्यांची. इंद्रलाल रॉय हे लंडनमध्ये वाढलेले बंगाली वैमानिक १९१८ च्या जुलैमध्ये फ्रान्सवर मारले गेले. त्यांच्या कबरीवर बंगाली अक्षरं आहेत: महावीराची समाधी आहे, मान राखा, हात लावू नका.

तर मग सेन यांच्या बाबतीत काय झालं ते पाहा. जिवंतपणी त्यांना दंडावरची एक फीत नाकारणाऱ्या सैन्याने मेल्यावर त्यांना कर्नलच्या मापाचा दगड दिला. कारण एकच, त्यांचं नाव ब्रिटिश पलटणीच्या पटावर होतं.

हेच हिंदुस्थानी पलटणीतल्या शिपायाचं काय झालं? फ्रान्समध्ये बरं झालं. नव्ह शापेल इथे १९२७ मध्ये उघडलेल्या स्मारकावर कबर नसलेल्या ४,७०० हून अधिक हिंदुस्थानी सैनिकांची आणि कामगारांची नावं कोरलेली आहेत. पण युरोप सोडून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, आलं की चित्र बदलतं, आणि तिथे आपली माणसं होती. १०३वी, ११०वी आणि ११७वी या मराठा पलटणी तुर्कांनी कूट शहराला घातलेल्या वेढ्यात अडकल्या होत्या. उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी कूटची फौज शरण गेली, सेन यांच्या मृत्यूच्या सुमारे तीन आठवडे आधी. बसऱ्याचं स्मारक मेसोपोटेमियातल्या कबर नसलेल्या मृतांसाठी बांधलं. त्याच्या दगडांवर ब्रिटिश शिपायांची नावं कोरली, हिंदुस्थानी अफसरांचीही कोरली. हिंदुस्थानी शिपायांसाठी मात्र पलटणीचं नाव आणि पुढे आकडा, इतके इतके आणखी.

म्हणजे 'प्रत्येकाला नावानिशी' हे तत्त्व साताऱ्याच्या, रत्नागिरीच्या शिपायापाशी येऊन थांबलं. हे मी रागाने लिहितो आहे, आणि तो राग योग्यच आहे असं मला वाटतं. कमिशनने स्वतः २०२१ मध्ये चौकशी करून हे मान्य केलं आणि माफी मागितली. त्या अहवालानुसार ४५,००० ते ५४,००० मृतांचं स्मरण असमान पद्धतीने झालं, आणि किमान १,१६,००० जणांचं, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावाने स्मरण झालंच नाही किंवा मुळीच झालं नाही. यांत बहुतेक आफ्रिकेतले, इजिप्तमधले आणि हिंदुस्थानी.

आपल्याकडच्या खेड्यांत फिरताना चावडीच्या किंवा जुन्या शाळेच्या भिंतीत बसवलेली संगमरवरी पाटी कधी दिसते. या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले, पैकी इतके कामी आले. बस. नाव एकाचंही नाही. गावात त्या काळी सगळ्यांना सगळी नावं पाठ होती, म्हणून कदाचित कुणाला ते खटकलं नसेल. चार पिढ्यांनंतर आकडा उरला.

स्थलांतरिताची अडचण

सेन यांना हिंदुस्थानी सैनिकांच्या यादीत शोधलं तर ते सापडत नाहीत. नव्ह शापेलला नाहीत, कारण ते हिंदुस्थानी फौजेत नव्हते आणि त्यांना कबर आहे. ब्रिटिशांच्या यादीत ते आहेत, पण तिथे ते 'जे. एन. सेन' एवढेच. हजारो प्रायव्हेटांमधले, म्हणजे साध्या शिपायांमधले, एक. लीड्स विद्यापीठाच्या स्मारकावर, गोऱ्या नसलेल्या माणसाचं ते एकमेव नाव, पण येणाऱ्याजाणाऱ्याला ते बंगाली नाव आहे हे कळायला कुणीतरी सांगावं लागतं. आणि चंदननगरच्या कपाटापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला लीड्सचं स्मारक ठाऊक असण्याचं कारण नाही. जो देश सोडून दुसऱ्या देशात गेला आणि तिसऱ्या देशात मेला, त्याची नोंद तिन्हीकडे असते आणि तिन्हीकडे अर्धी असते.

भरीस भर नावांची. आपली नावं परक्या कारकुनाच्या कानातून कागदावर उतरतात तेव्हा त्यांचं काय होतं याचं एक मराठी उदाहरण आहे. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर केंब्रिजला शिकले आणि ब्रिटिश हवाई दलात वैमानिक झाले. १९१८ च्या जूनअखेरीस त्यांचं विमान फ्रान्सवर पाडलं गेलं आणि जखमांनी ते जर्मनांच्या ताब्यात असताना गेले. जर्मनांनी त्यांना पुरलं, पण खुणेवर आडनाव ओळखू येणार नाही असं उतरलं. युद्ध संपल्यावर चौकशी झाली तेव्हा ती कबर वेलिंगकरांची असल्याचं ठरलं. आज ते फ्रान्समधल्या हँगार गावच्या दफनभूमीत स्वतःच्या नावाने आहेत.

मुंबईत मशीद बंदरजवळ खलाशांच्या वसतिगृहात आणखी एक स्मारक आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रात बुडालेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचं. परदेशी बोटींवर कोळसा ओढणारी, इंजिनात राबणारी ही माणसं. त्यांच्यावर कुणीतरी वेगळं, सविस्तर लिहायला हवं.

घरात असा एखादा धागा असेल तर शोध कुठून सुरू करायचा तेही सांगतो. जुन्या पेटीत पदक असेल तर ते घासून चकचकीत करू नका. पहिल्या महायुद्धातल्या गोल पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली असते, ताऱ्याच्या आकाराचं असेल तर मागच्या बाजूला. घासून घासून ती अक्षरं जातात. ती भिंगाने वाचा आणि जशीच्या तशी उतरवून घ्या, चुकीच्या स्पेलिंगसकट. मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव टाका. ते फुकट आहे. आडनावाने सापडेलच असं नाही, कारण हिंदुस्थानी शिपायाच्या नोंदीत पुष्कळदा त्याचं नाव, बापाचं नाव आणि गाव एवढंच असतं. तेव्हा आडनाव सोडून नुसतं नाव आणि पलटणीचा क्रमांक टाकून पाहा. ज्ञानू, धोंडी, सखाराम यांची इंग्रजी स्पेलिंगं चार-चार तऱ्हांनी केलेली आढळतात, सगळ्या तऱ्हा करून पाहा. गावाचं नावही तसंच.

आणि एकदा सेन यांचंही नाव टाका. आडनाव सेन, आद्याक्षरं जे. एन., पहिलं महायुद्ध, फ्रान्स. पान उघडेल त्यावर वेस्ट यॉर्कशायर रेजिमेंट, १५वी बटालियन, मे १९१६, स्युक्ररी मिलिटरी सेमेटरी, कोलँकाँ असं दिसेल. ते गेल्यानंतर पाच-सहा आठवड्यांनी, १ जुलैला, त्यांची पलटण सेर गावावर चाल करून गेली आणि एका सकाळीत पाचशेहून अधिक माणसं मारली गेली किंवा जखमी झाली. त्या हल्ल्याच्या आधीच या दफनभूमीजवळ मोठाले खड्डे खणून तयार ठेवले होते, आणि मोर्च्यावर जाणाऱ्या मुलांना ते दिसले होते. सेन तोवर तिथे पोहोचून महिना उलटला होता.